हीटर आणण्याआधी भिंतीवरचा पॉइंट बघा

बर्डीच्या बाजारात हीटर घ्यायला निघण्याआधी ज्या खोलीत तो लावायचा आहे, तिथला बोर्ड नीट बघून घ्या. पिन वितळली, एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप बंद होणारं बोर्डातलं बटन) पडते, खोली गरमच होत नाही, बिल भरमसाट आलं, या नागपुरातल्या नेहमीच्या तक्रारी. त्यांतल्या बहुतेक हीटरच्या पोटातून येत नाहीत. त्या बोर्डातून, भिंतीतल्या वायरीतून आणि कूलरच्या खिडकीतून येतात. हीटर बदलून त्या सुटत नाहीत. म्हणून आधी घर बघायचं, मग दुकान.

आपली घरं मे महिन्यासाठी बांधलेली आहेत. उंच छत, वर झरोके, खिडकीत कूलर, दाराखाली बोटभर फट. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात हे सगळं उपयोगाचं असतं. कडाक्याची थंडी मोजून काही आठवड्यांची, त्यामुळे तिच्यासाठी कोणी वायरिंग करत नाही. पण २९ डिसेंबर २०१८ ला शहरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री घाईत आणलेला हीटर हमखास कूलरच्याच पॉइंटला लागतो आणि बिघाडाला तिथूनच सुरुवात होते.

लहान पिन, मोठी पिन

घरात दोन मापांची सॉकेट असतात. लहान ६ अँपिअरचं आणि मोठं १६ अँपिअरचं. जुने वायरमन त्यांना अजून पाच आणि पंधरा म्हणतात. आता हिशेब करा. २००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ८.७ अँपिअर. १००० वॅटला साधारण ४.३ अँपिअर. तेलाच्या मोठ्या हीटरवर २९०० वॅट लिहिलेलं असतं, त्याला १२.६ अँपिअर लागतात. कूलर मात्र दिवसभर चालवला तरी एक अँपिअरच्या आसपासच ओढतो. पाच उन्हाळे बिनतक्रार चाललेला कूलरचा पॉइंट हिवाळ्यात दोन रात्रींत काळा पडतो, त्याचं कारण हेच.

पिनेचं पितळ आणि सॉकेटमधली पकड जिथे टेकतात ती जागा ज्वारीच्या दाण्याएवढी. पकड ढिली झाली किंवा तिच्यावर कार्बन धरला की तिथे रोध तयार होतो. तो अर्धा ओहम धरा. ८.७ गुणिले ८.७ गुणिले ०.५ केलं की ३८ वॅट येतात. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री २५ ते ३५ वॅटची असते. म्हणजे तुमच्या सॉकेटच्या आत, प्लॅस्टिकला चिकटून, एक चालू सोल्डरिंगची इस्त्री ठेवल्यासारखं झालं. तोच हीटर १००० वॅटवर चालवला तर तिथली उष्णता चौथाईवर, साडेनऊ वॅटवर येते. प्रवाह अर्धा झाला की उष्णता निम्मी होत नाही, चौथाई होते. हे एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धे अपघात टळतील.

तपासायची पद्धत अशी. हीटर वीस मिनिटं चालवा, भिंतीवरचं बटन बंद करा, पिन काढा आणि तिच्या दांड्यांना बोटांची मागची बाजू लावा. कोमट लागल्या तर ठीक. बोट टेकवून ठेवता येत नसेल, पिनेभोवती तपकिरी वर्तुळ दिसत असेल किंवा जळक्या माशासारखा वास येत असेल, तर त्या सॉकेटला हीटर पुन्हा लावू नका. वायरमनकडून सॉकेट बदलून घ्या आणि मागचे स्क्रू आवळून घ्या. वायरीचं टोक काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवं टोक जोडायला सांगा. बहुतेक वेळा एकच दांडी जळलेली असते. दुसरी चांगली दिसते म्हणून जुनंच सॉकेट ठेवू नका. ॲल्युमिनियमची वायर असलेल्या जुन्या घरांत हे काम आणखी महत्त्वाचं, कारण ॲल्युमिनियम तापून-निवून स्क्रूखाली ढिलं होत जातं.

मोठ्या पिनेचा हीटर लहान सॉकेटला लावण्यासाठी स्वस्तात मिळणारा कन्व्हर्टर घेऊ नका. मोठी पिन लहान भोकात जात नाही ती मुद्दाम, तुमच्या भल्यासाठी. एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच. टीव्ही-मोबाइलसाठी विकल्या जाणाऱ्या बोर्डाची वायर बारीक असते, आणि गुंडाळी करून ठेवलेली असेल तर तिची उष्णता बाहेर पडायला जागाच राहत नाही. अगदीच इलाज नसेल तर १६ अँपिअरचं एकच सॉकेट असलेला, किमान १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तीन-कोअर वायरीचा बोर्ड घ्या, वायर पूर्ण उलगडा, सतरंजीखालून नेऊ नका आणि हीटर १००० वॅटवरच ठेवा.

एमसीबीची गंमत समजून घेण्यासारखी आहे. हीटर पाऊण तास नीट चालतो आणि मग अख्ख्या खोलीची लाइट जाते, तेव्हा दोष हीटरला दिला जातो. खोलीच्या लाइट-पंख्याच्या लाइनवर बऱ्याचदा ६ अँपिअरची एमसीबी असते. एमसीबी तिच्या आकड्याच्या १.४५ पट प्रवाहावर तासाभरात पडायलाच हवी, तसा तिचा नियम आहे. सहाच्या १.४५ पट म्हणजे बरोबर ८.७. म्हणजे ती तिचं काम चोख करते आहे. तिच्या जागी १६ ची बसवून घेणं ही सगळ्यात वाईट दुरुस्ती. तसं केलं की एमसीबी पडायची थांबते आणि भिंतीतली वायर तापायला लागते. आधी वायर, मग एमसीबी, हा क्रम मोडू नका.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे एसीचा पॉइंट. तिथे जाड वायर, मोठं सॉकेट आणि वेगळी एमसीबी असते, आणि हिवाळाभर तो रिकामा असतो. अडचण एवढीच की तो सात-आठ फुटांवर असतो आणि हीटरची वायर जेमतेम दीड मीटरची. हीटर स्टुलावर चढवू नका. वायरमनला बोलावून एसीच्या बोर्डातून खाली दीड फुटाच्या उंचीपर्यंत केसिंग-पट्टीतून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची लाइन उतरवून घ्या, अर्थिंगसकट, आणि खाली १६ अँपिअरचं सॉकेट-बटन बसवून घ्या. तासाभराचं काम आहे. एसी आणि हीटर एकाच वेळी लागणार नाहीत, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट घरोघरी सुटते. बेडरूममधल्या लहान पॉइंटपैकी एखादा इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो. त्याला हीटर लावलेला असताना लाइट गेली की सगळा भार इन्व्हर्टरवर येतो. तो लगेच ओरडतो, बंद पडतो आणि घरभर अंधार होतो. मेन बंद करून बघा. जे पॉइंट तरीही चालू राहतात ते हीटरसाठी बाद.

खोली आधी बंद करा

हीटर चालू ठेवूनही खोली गार, या तक्रारीचं पहिलं उत्तर कूलर. बाहेर स्टँडवर बसवलेला, खिडकीत तोंड खुपसलेला, आणि भोवतीच्या फटी पुठ्ठ्याने बुजवलेल्या. उन्हाळ्यात जिथून गार हवा येते तिथूनच जानेवारीतही येते, फरक एवढाच की आता ती कोणी मागितलेली नसते. कूलरचं तोंड दीड फूट बाय दीड फूट धरा. त्यातून अगदी मंद, सेकंदाला एक फूट वेगाने हवा आत येत असेल आणि बाहेर आतल्यापेक्षा आठ अंश थंड असेल, तर ती हवा साधारण ६०० वॅट उष्णता सतत खात राहते. म्हणजे हीटरचा ४०० वॅटचा एक रॉड धरला, तर असा दीड रॉड फक्त कूलरच्या तोंडासाठी जळतो आहे.

कूलर काढून खिडकीची तावदानं लावता आली तर सर्वांत उत्तम. तो वेल्डिंगच्या स्टँडवर पक्का बसवलेला असेल तर बाहेरून ताडपत्री बांधा आणि आतून जाळीच्या मापाची प्लायवूड लावून कडेने टेप मारा. थर्माकोल लावायचा मोह होतो, कारण तो हलका आणि स्वस्त. पण तो पटकन पेट घेतो. लावलाच तर प्लायवूडच्या मागे, आणि हीटर त्या भिंतीपासून लांब.

बाकीच्या फटी शोधायला अगरबत्ती लावा आणि खिडक्यांच्या चौकटी, झरोके, दाराची खालची कड यांच्याजवळून सावकाश फिरवा, पडद्यापासून दूर धरून. धूर जिथे वाकडा होतो तिथे फट आहे. दाराखाली जुन्या लुगड्याची घट्ट गुंडाळी बसते, विकतच्या पट्टीपेक्षा चांगली. झरोक्याला आतून जाड पुठ्ठा.

आता एक सक्त सूचना. अशी बंद केलेली खोली फक्त विजेच्या हीटरसाठी आहे. विजेचा हीटर काही जाळत नाही, त्यामुळे तो हवेतला ऑक्सिजन खात नाही आणि विषारी वायू सोडत नाही. कोळशाची शेगडी मात्र कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. कूलरची खिडकी आणि झरोके बंद केलेल्या खोलीत रात्री शेगडी ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, मग निखारे कितीही विझत आलेले असोत. लाइट गेली तरी त्या रात्री शेगडी आत आणू नका, अंगावर आणखी एक दुलई घ्या.

कोणता घ्यावा

दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं: हा कमी विजेत जास्त गरम करतो. ते खरं नाही. १००० वॅटचा कोणताही हीटर, रॉडचा असो, ब्लोअर असो की तेलाचा, १००० वॅटच उष्णता देतो. तासाला एक युनिट. फरक फक्त ती उष्णता कुठे जाते आणि किती वेळात पोचते याचा. थेट सॉकेटमध्ये खोचायचा ४०० वॅटचा चिमुकला हीटर अख्खी खोली गरम करतो, ही जाहिरातही तशीच. ४०० वॅट म्हणजे जुने शंभराचे चार बल्ब.

रॉडचा हीटर, म्हणजे क्वार्ट्झ, हॅलोजन किंवा कार्बन, हा उन्हासारखा. समोर बसलेल्याला लगेच ऊब, खोलीतली हवा मात्र तशीच. अभ्यासाला बसलेला मुलगा किंवा पूजेला बसलेली आजी यांच्यासाठी तो योग्य, कारण दोन रॉडचा ८०० वॅटचा हीटर लहान, घट्ट पॉइंटवर चालतो. झोपायच्या खोलीत त्याचा उजेड डोळ्यांवर येतो आणि उघड्या रॉडजवळ पांघरूण सरकलं तर पेट घेऊ शकतं. रात्री झोपेत चालू ठेवायची ही वस्तूच नाही.

ब्लोअर, म्हणजे फॅन हीटर, पाच-दहा मिनिटांत हवा गरम करतो. स्वस्त, हलका, कुठेही नेता येतो. पण आवाज करतो, आणि बंद केला की थोड्याच वेळात पुन्हा गार. त्यातला पीटीसी सिरॅमिक प्रकार, ज्यात तारेऐवजी सिरॅमिकची पट्टी तापते, तो जरा अधिक पैसे देऊन घ्यावा असं आमचं मत आहे. जाळी धुळीने बुजली की त्याची पट्टी आपोआप कमी वीज घेते, तारेच्या कॉइलसारखी लालभडक होत जात नाही.

तेलाचा हीटर, दुकानदाराच्या भाषेत ओएफआर, तापायला वीस-तीस मिनिटं घेतो, मग शांतपणे, उजेडाशिवाय, रात्रभर ऊब धरून ठेवतो. किंमत ब्लोअरच्या कितीतरी पट. त्यातलं तेल जळत नाही, बदलावं किंवा भरावं लागत नाही. ९ फिनचा (म्हणजे पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांचा) घ्यावा की ११ फिनचा यावर लोक फार डोकं चालवतात. वॅट सारखे असतील तर उष्णता सारखीच. फिन जास्त असल्या की पत्रा कमी चटका देतो, एवढंच. घरात रांगतं मूल असेल तर तेवढ्यासाठी ११ चा घ्या.

नागपूरच्या हिवाळ्यासाठी आमचा सल्ला सरळ आहे. घरात म्हातारं माणूस, आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल आणि १६ अँपिअरचा पॉइंट असेल, तर तेलाचा हीटर. बाकी बहुतेक घरांना १००० आणि २००० अशी दोन बटनं असलेला पीटीसी ब्लोअर पुरतो, आणि तोही ९० टक्के वेळा १००० वर. दहा बाय बाराची, फटी बुजवलेली खोली बाहेरपेक्षा आठेक अंश गरम ठेवायला ७००-८०० वॅटच्या आसपास पुरतात. वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, थोडं जास्त लागतं.

अंथरुण गरम करायचं असेल तर खोली तापवायची गरजच नाही. गरम पाण्याच्या पिशवीला दहा मिनिटं गॅस पुरतो. विजेचं ब्लँकेट शंभर वॅटच्या आसपास घेतं, २००० वॅटच्या हीटरच्या विसाव्या हिश्शाने. ते घडी घालून किंवा चुरगळून चालवायचं नाही आणि लहान बाळाखाली कधीच नाही. आणि या वर्षी एसी नवा घ्यायचाच असेल तर गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी बघा. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरून उचलून आत आणतो. म्हणून आपल्याकडच्या थंडीत एका युनिटमागे तीनेक युनिटांएवढी उष्णता देऊ शकतो. कमी विजेत जास्त गरम हे वाक्य फक्त त्याला लागू पडतं.

दुकानात

थंडीची लाट आल्यावर गेलात तर उरलेलंच मिळेल. दिवाळी आटोपली की जा. खोका उघडून हीटर तिथेच लावून मागा. रॉडचा असेल तर दोन्ही रॉड पूर्ण लांबीभर सारखे लाल होतात का बघा. चालू असताना हळूच कलवा. तो क्षणात बंद व्हायला हवा, नसेल होत तर तो घेऊ नका. पाटीवर आयएसआयचं चिन्ह, त्याच्या वर आयएस ३०२ ने सुरू होणारा क्रमांक आणि खाली सीएम/एल चा लायसन नंबर असतो. तो नंबर तिथल्या तिथे बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन कोणाचं आणि कशाचं ते दिसतं. वायर हातात घेऊन बघा. ती मऊ, जाड आणि तीन पिनांची हवी. दोन पिनांचा हीटर कितीही गोजिरा असला तरी नको.

वॉरंटी कार्डात रॉड आणि काच बऱ्याचदा वगळलेले असतात, ते आधी वाचा. तारखेचा शिक्का आणि जीएसटी असलेलं पक्कं बिल घ्या, सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे का हे विचारा, आणि खोका महिनाभर फेकू नका. ऑनलाइन मागवलेल्या हीटरमध्ये रॉड फुटून येणं नेहमीचं, म्हणून खोका उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे.

पहिला दिवस आणि रोजची रीत

तेलाचा हीटर आणल्यावर तीन-चार तास उभा ठेवा, मगच लावा. वाहतुकीत तो आडवा पडलेला असतो, तेल एका बाजूला गेलेलं असतं आणि हीटिंग रॉड कोरडा राहिलेला असू शकतो. नवा हीटर कोणताही असो, पहिल्यांदा खिडक्या उघड्या ठेवून वीस मिनिटं चालवा. कारखान्यातलं तेल आणि रंग तापून वास येतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशीही प्लॅस्टिक जळल्याचा वास आला तर तो नव्या वस्तूचा वास नाही. पिन आणि सॉकेट बघा.

हीटर जमिनीवर, सपाट जागी. गादीवर, सतरंजीवर ठेवला तर कलण्याचं बटन पूर्ण दाबलं जात नाही आणि तो सुरूच होत नाही. सर्व्हिसवाल्याला बोलावण्याआधी तो फरशीवर ठेवून बघा. चारी बाजूंनी तीन फूट जागा मोकळी. पांघरूण, पडदे आणि आपल्याकडे विसरली जाणारी मच्छरदाणी, सगळं या अंतराबाहेर. डासांचा स्प्रे त्या खोलीत हीटर चालू असताना मारू नका. हीटरवर कपडे वाळत घालणं तर नाहीच.

थर्मोस्टॅटच्या चकतीवर अंश नसतात, नुसते १ ते ६ आकडे असतात, आणि लोक ती सहावर ठेवून सोडून देतात. त्याने खोली लवकर तापत नाही, फक्त हीटर बंद व्हायचा थांबतो. चकती पूर्ण फिरवून सुरू करा, खोली हवी तेवढी उबदार झाली की ती सावकाश मागे आणा. टक् असा आवाज आला की थांबा. ती तुमच्या खोलीची खूण. तिथे स्केच पेनाने रेघ मारून ठेवा.

झोपायच्या अर्धा तास आधी लावा आणि झोपताना ब्लोअर किंवा रॉड बंद करा, तो भिंतीवरच्या बटनाने. लाइट गेल्यावर साध्या बटनाचा हीटर तसाच चालू स्थितीत राहतो आणि पहाटे लाइट आली की आपोआप पेटतो. मधल्या वेळात कोणी त्याच्यावर स्वेटर टाकला असेल तर काय होईल याचा विचार करा.

ओठ फुटतात, घसा कोरडा पडतो, यामागे हीटर पाणी शोषतो असं नसतं. दहा अंशांची ८० टक्के दमट हवा वीस अंशांपर्यंत तापवली की तीच हवा ४२ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण हवेची तहान वाढलेली. वाटीभर पाण्याने फार फरक पडत नाही. ओला टॉवेल दोरीवर, हीटरपासून चांगला लांब, वाळत घाला आणि तापमान जरा कमी ठेवा.

बाळाच्या आंघोळीसाठी खोली आधी वीस मिनिटं तापवा. मालिश आणि आंघोळीच्या वेळी हीटर बंद करून पिन काढून बाजूला ठेवा. तेलाचे आणि पाण्याचे हात, फरशीवर सांडलेलं पाणी आणि विजेची वस्तू एकत्र नकोत. झोक्याकडे तोंड करून हीटर कधीच लावू नका. बाळाला फार गरमी होते आहे हे सांगता येत नाही. मान आणि पाठ घामेजली का ते हाताने बघा.

बंद पडला तर

चालता चालता बंद पडून दिवाही गेला असेल तर बहुधा आतला थर्मल कट-आउट, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणारा भाग, उडाला आहे. पिन काढा, पंधरा मिनिटं निवू द्या, मागच्या जाळीतली धूळ जुन्या रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडा, मग लावा. पुन्हा उडाला तर हवेचा रस्ता बंद आहे किंवा पंखा अडखळतो आहे. तो कट-आउट शॉर्ट करून देणारा मिस्त्री भेटला तर त्याच्याकडून हीटर परत घ्या.

पहाटे हीटर मंद वाटतो, तो भास नाही. व्होल्टेज २०० वर आलं की २००० वॅटचा हीटर १५०० च देतो. त्याला इलाज म्हणून स्टॅबिलायझर घेऊ नका. सकाळी सहा ते आठ गिझर आणि हीटर एकत्र लावू नका. तीन हजाराचा इन्स्टंट गिझर, दोन हजाराचा हीटर आणि हजाराची इस्त्री मिळून २६ अँपिअर होतात.

हंगामाच्या पहिल्याच दिवशी आरसीसीबी (करंट गळला की पडणारं बटन) पडली तर पावसाळ्यातली ओल हीटिंग रॉडच्या आतल्या पावडरीत शिरलेली असू शकते. हीटर दोन दिवस उन्हात ठेवा. तरीही पडत असेल तर बॉडीत करंट उतरतो आहे, तो सर्व्हिस सेंटरलाच दाखवा. अर्थिंगची पिन कापून तो चालवणं म्हणजे पुढच्या वेळी अर्थिंगऐवजी माणूस मधे घालणं. तेलाच्या हीटरची टिकटिक म्हणजे पत्रा तापून फुगतो आहे, त्यात काळजी नाही. खाली तेलाचा थेंब दिसला तर मात्र तो कायमचा बंद. ती शिवण घरी जोडता येत नाही.

बिल

महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, आणि वरच्या टप्प्याचा दर त्या टप्प्यातल्या युनिटांनाच लागतो. हिवाळ्यात पंखे-कूलर बंद असल्याने घर महिन्याला ९० युनिटांत बसत असेल असं धरू. २००० वॅटचा तेलाचा हीटर आठ तास ठेवला आणि थर्मोस्टॅटने निम्मा वेळ बंद ठेवला, तर रात्री ८ युनिट, महिन्याला २४०. एकूण ३३०, म्हणजे तिसऱ्या टप्प्यात पाऊल. १००० वॅटचा ब्लोअर झोपण्याआधी तासभर आणि पहाटे अर्धा तास, म्हणजे दीड युनिट, महिन्याला ४५. एकूण १३५. फरक समजायला हीटर लावण्याआधी आणि नंतर मीटरचा फोटो काढा. कोणत्याही ॲपपेक्षा ते पक्कं.

गुंडाळून ठेवताना

संक्रांतीनंतर आठ-पंधरा दिवसांनी हीटर आवरायला घेतला की पूर्ण निवल्यावर धूळ काढा आणि ब्लोअरची जाळी ब्रशने साफ करा. वायर हीटरभोवती करकचून आवळू नका, ती मुळाशी तुटते. सैल वेटोळं करून सुतळीने बांधा. सुती पिशवीत घालून तोंड बांधा, नाहीतर पाली आणि झुरळं आत घर करतात आणि पुढच्या डिसेंबरात त्याचा वास खोलीभर येतो. स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर मे महिन्यात प्लॅस्टिक आणि रबर भाजून निघतं, त्यापेक्षा कपाटाचा खालचा कप्पा बरा. तेलाचा हीटर उभाच. पिशवीला चिठ्ठी बांधा: कोणत्या पॉइंटला लावायचा, थर्मोस्टॅटची रेघ कुठे आहे, बिल कोणत्या फाइलीत आहे.